तंजावरचे देऊळ आणि डोळ्यांवरचा डबा

तंजावरच्या मोठ्या देवळात शिरणाऱ्या माणसाचे पहिले लक्ष शिखराकडे जात नाही, तळपायांकडे जाते. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि आतली दगडी फरशी हिवाळ्यातल्या दुपारीही चांगलीच तापलेली असते. मग सगळेजण, लहान काय नि मोठे काय, सावलीच्या पट्ट्या शोधत उड्या मारत पुढे जातात. नंदीमंडपापाशी पोहोचून जरा थंड दगडावर पाय टेकले की माणूस मान वर करतो, आणि मग मात्र ती बराच वेळ खाली येत नाही.

नाताळच्या सुटीत पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाचेही असेच झाले. आई, बाबा, नववीतला मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका असलेली आजी. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आजी हळूहळू येत होती. बंगळूरला नोकरी करणारा मामा रात्रीच्या गाडीने येऊन त्यांना मिळाला होता. शिखर पाहताच मुलाने तोंडभर दाद दिली, "आजी, हे अगदी गेममधल्यासारखं आहे!"

आजीला ही दाद फारशी रुचली नाही. हजार वर्षांपूर्वीचे देऊळ गेमसारखे कसे असेल? गेम देवळासारखा असेल तर असो. पण मुलाच्या डोक्यात त्या दिवसांत दुसरे काही नव्हतेच. डोळ्यांवर बांधायचा व्हर्च्युअल रिअॅलिटीचा हेडसेट त्याला हवा होता. दिवाळीपासून घरात त्यावरून वाद चालला होता. बाबांना पैशांची काळजी, आईला डोळ्यांची. "तंजावरहून परत आलो की ठरवू," एवढ्यावर प्रकरण थांबले होते. आणि मामाच्या बॅगेत नेमका तोच हेडसेट होता, हे आईला मुक्कामी पोहोचल्यावर कळले.

राजराज चोळाने बांधलेले हे बृहदीश्वराचे देऊळ 1010 साली पुरे झाले. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सुमारे 66 मीटर उंच आहे. हे आकडे पुस्तकात वाचून काही समजत नाहीत. वीसेक मजल्यांची इमारत पुण्या-मुंबईत रोज दिसते. तिच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. इथे मात्र तेरा थरांचा दगड निमुळता होत वर जातो, त्यावर शिल्पे आहेत, त्यांच्यावर पोपट बसलेले आहेत आणि खाली उभ्या माणसाची मान अवघडते. आकाराची खरी जाणीव होते ती या अवघडलेल्या मानेमुळे.

देवळात एक दंतकथा हमखास ऐकायला मिळते: या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो की पर्यटक खाली न पाहताच माना डोलावतात. साडेचारच्या उन्हात शिखराची लांबलचक सावली आवारात पसरली होती. धाकट्या मुलीने ती पाहिली आणि दंतकथा सांगणाऱ्या गृहस्थांना दाखवलीही. मामा हसून म्हणाला, "गेममध्ये सावली पडली नाही, तर लोक चूक काढून कंपनीला पत्रं लिहितात. इथे मात्र पडलेली सावली कुणाला दिसत नाही."

एकशे साठ वर्षांपूर्वीचा हेडसेट

मामाच्या बॅगेतील यंत्र दिसायला अगदी नवे असले, तरी त्यातील मूळ युक्ती जुनी आहे आणि ती तंजावरला फार पूर्वीच येऊन गेली आहे.

1855 मध्ये तंजावरचे मराठी राज्य कंपनी सरकारने खालसा केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1858 मध्ये, मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनिअस ट्राइप आपले अवजड कॅमेरे घेऊन याच देवळाच्या आवारात आला. त्याने मोठी छायाचित्रे तर काढलीच, शिवाय विमानाच्या पायथ्यावर सभोवार कोरलेले तामिळ शिलालेख तुकड्यातुकड्यांनी टिपले. 21 छायाचित्रे एकाला एक जोडून त्याने सुमारे 19 फूट लांबीची पट्टी तयार केली. ती पट्टी डावीकडून उजवीकडे वाचत जायची. आज मोबाइलवर बोट सरकवून जे सभोवारचे चित्र पाहतात, त्याचेच हे आजोबा.

पण ट्राइपने आणखी एक गोष्ट केली. त्रिचनापल्ली, तंजावर आणि आसपासच्या स्थळांची त्याने जोडचित्रे काढली. एकाच दृश्याची दोन छायाचित्रे, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे आणि एक उजव्या. ही जोडी भिंगांच्या छोट्या पेटीत घालून पाहिली की सपाट कागदावरचे देऊळ खोल दिसू लागते: नंदी पुढे येतो, शिखर मागे जाते. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1838 मध्ये ही करामत जगापुढे मांडली. 1849 मध्ये ब्रूस्टरने तिला भिंगांची सुटसुटीत पेटी दिली. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती व्हिक्टोरिया राणीला आवडली आणि मग घरोघरच्या दिवाणखान्यांत अशा पेट्या आल्या. लंडनमधील माणूस आरामखुर्चीत बसून तंजावरच्या देवळात जाऊन येऊ लागला, आणि तेही तळपाय न भाजता.

पुढे हीच युक्ती खेळण्यात आली. व्ह्यू-मास्टर नावाचा डबा, त्यात गोल चकती, बाजूची कळ दाबली की पुढचे चित्र. आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांनी लहानपणी त्यातून ताजमहाल पाहिला असेल.

नंदीपाशी मामाने भाचीला हे सोप्या रीतीने दाखवले. "एक डोळा मीट आणि बोट नाकासमोर धर. आता तो उघड, दुसरा मीट." बोट नंदीच्या शिंगावरून टुणकन उडी मारून बाजूला गेले. मुलीने हा प्रयोग निदान वीस वेळा केला. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण अडीच इंचांचे अंतर आहे. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळे दिसते आणि या दोन चित्रांच्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. हेडसेटमध्येही प्रत्येक डोळ्यापुढे वेगळे चित्र असते. नवे आहे ते एवढेच, की मान वळवली की चित्रही वळते. यंत्राला मानेची हालचाल कळते आणि डोळ्यांचे पाते लवण्याच्या आत ते नवे चित्र काढून देते. व्हिक्टोरियाच्या पेटीत मागे वळून पाहायची सोय नव्हती. हेडसेटमध्ये आहे, आणि मुलांना वेड लागते ते त्याचेच.

बंद दारामागची चित्रे

मोठ्या देवळातील सर्वांत मोलाची गोष्ट सामान्य पर्यटकाला पाहायलाच मिळत नाही. गाभाऱ्याला दोन भिंती आहेत. त्यांच्यामधून एक अरुंद, अंधारा प्रदक्षिणामार्ग जातो आणि त्याच्या भिंतींवर चोळांच्या काळातील चित्रे आहेत. पांढऱ्या हत्तीवरून कैलासाला निघालेला संतकवी सुंदरर, त्याच्याबरोबर घोड्यावरून जाणारा चेर राजा, त्रिपुरांचा संहार करणारा शिव, चिदंबरमच्या नटराजापुढे जमलेला राजपरिवार. शेकडो वर्षे ही चित्रे कुणाला ठाऊकच नव्हती, कारण नायक राजांच्या काळात त्यांच्यावर गिलावा चढवून नवी चित्रे काढण्यात आली होती. 1931 मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी या अंधारात शिरले तेव्हा पोपडे सुटलेल्या नायककालीन चित्रांखाली त्यांना चोळांचे रंग दिसले. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा थर अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर बसवला, म्हणजे दोन्ही काळांची चित्रे वाचली.

हा मार्ग लोकांसाठी बंद आहे आणि तो बंद आहे हेच योग्य. रोज हजारो माणसे त्या बोळातून गेली, तर त्यांच्या श्वासातील ओलाव्याने आणि भिंतींना लागणाऱ्या खांद्यांनी ती चित्रे काही वर्षांत जातील. आवारातील माहिती केंद्रात त्यांची छायाचित्रे लावलेली आहेत. पण भिंतीवर टांगलेले छायाचित्र आणि बोळातून चालताना हातभर अंतरावरून अचानक समोर येणारा पांढरा हत्ती यांत फरक आहेच.

हेडसेटचे खरे आश्वासन अशा ठिकाणी आहे. जिथे माणसाने जाऊ नये, जिथे त्याला जाता येत नाही, तिथे त्याला न्यायचे. गेम बनवणाऱ्या मंडळींनी या दिशेने पावले टाकलीही आहेत. 'असॅसिन्स क्रीड' या प्रसिद्ध गेममध्ये प्राचीन इजिप्त उभा केला होता. 2018 मध्ये त्याच कंपनीने त्यातील मारामाऱ्या काढून टाकून नुसते हिंडण्याची सोय केली. ती हेडसेटसाठी नव्हती, साध्या पडद्यासाठी होती, पण मुले पिरॅमिडच्या पायथ्याशी धडे गिरवू शकली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीने 2020 मध्ये 'राजी' नावाचा गेम आणला. त्यात एक लहान मुलगी भावाच्या शोधात जुन्या भारतीय वाड्या-किल्ल्यांतून असुरांशी लढत जाते. परदेशी गेममधील बर्फ आणि बंदुका पाहून कंटाळलेल्या मुलांना तो नवा वाटला. तंजावरचा बंद प्रदक्षिणामार्ग एखाद्या मराठी किंवा तामिळ मुलाला डोक्यावरचा डबा घालून कंदिलाच्या उजेडात चालता आला, आणि वरच्या चित्राखालचे चित्र शोधून काढणे हाच खेळ असला, तर आईसुद्धा त्याला नाही म्हणणार नाही.

पण दुकानांत मिळणारे बहुतेक गेम असे नसतात. त्यांत कुणाला तरी गोळ्या घालायच्या असतात.

सरफोजींचे डोळे

दुसरा दिवस राजवाड्यासाठी आणि आजीसाठी राखून ठेवलेला होता. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात तंजावर घेतले आणि सुमारे पावणेदोनशे वर्षे इथे भोसल्यांचे राज्य राहिले. नायकांनी बांधलेल्या राजवाड्यात त्यांनी भर घातली. मोठ्या देवळाच्या भिंतीवर 1803 मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास कोरून घेतला. तामिळ मुलखाच्या मध्यभागी दगडावर ओळीमागून ओळी मराठी वाचायला मिळते तेव्हा कुठल्याही मराठी माणसाचे पाय थांबतात. आजी तर तिथे तासभर थांबली होती. गुडघ्यांची तक्रार त्या तासात निघाली नाही.

राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय हे दुसऱ्या सरफोजी राजांचे खरे स्मारक. 1798 ते 1832 हा त्यांचा काळ. कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. राजांकडे किल्ला, तनखा आणि भरपूर वेळ होता. दुसऱ्या कुणी असता तर तो शिकारीत आणि नाचगाण्यात घालवला असता. सरफोजींनी पुस्तके आणि यंत्रे जमवली. 1826 मध्ये त्यांना भेटलेले बिशप हेबर त्यांचे विज्ञानाचे वाचन पाहून चकित झाले होते. ग्रंथालयाच्या संग्रहालयात चार्ल्स ल ब्रन या फ्रेंच चित्रकाराची माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी मांडणारी चित्रे आहेत. मुलांना ती सोडवत नाहीत. घुबडासारखा माणूस, बैलासारखा माणूस, आणि मग घरातल्या कुणाकुणाशी तुलना.

या संग्रहातील एक गोष्ट मात्र प्रस्तुत वादाशी थेट संबंधित आहे. सरफोजींच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे इथे जपलेली आहेत. कुणाचा डोळा कसा लाल झाला, पडदा कसा चढला, उपचाराने काय फरक पडला, हे चित्रकाराकडून काढून घेतलेले आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी त्यांचा अभ्यासही केला. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी एका मराठी राजाला वाटले की डोळ्यांचे दुखणे नीट पाहून, टिपून ठेवावे.

आणि खेळातून शिकवण्याचेही त्यांना वेड होते. दक्षिणेत कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार आहे. डोंगरातून आलेली, भविष्य सांगणारी एक चुणचुणीत बाई त्यात गाते, नाचते, हात पाहते. सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले आणि तिच्या तोंडी घातला जगाचा भूगोल! देश, खंड, समुद्र असे सगळे ती गाण्यांतून सांगत जाते. तंजावर न सोडता प्रेक्षक जगाची सफर करून येत.

"म्हणजे व्हीआरच की," मुलगा म्हणाला.

"व्हीआर कसला? शेजारी शंभर माणसं बसून एकदम हसत होती ना," आजीने उत्तर दिले.

हॉटेलच्या खोलीतील परीक्षा

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत खुर्च्या बाजूला सारण्यात आल्या. मामाने जमिनीवर काल्पनिक चौकोन आखला. त्याच्या बाहेर पाऊल पडले की यंत्र इशारा देते. पहिला गेम ठेका धरून खेळायचा होता: संगीताच्या तालावर समोरून ठोकळे येतात आणि हातातील प्रकाशाच्या तलवारींनी ते कापायचे. मुलगा वीस मिनिटे खेळला, घामाने निथळला आणि खूष झाला. आईला नवल वाटले. मोबाइल घेऊन पलंगावर लोळणारा मुलगा उड्या मारत होता, खाली वाकत होता. घरात बसून होणारा व्यायाम हा हेडसेटच्या बाजूचा खरा मुद्दा आहे.

दुसरा गेम धावण्याचा होता. गल्लीबोळांतून पळायचे, उड्या मारायच्या, आणि हे सारे अंगठ्याने कळ दाबून, जागेवर उभे राहून. सहा-सात मिनिटांत मुलाचा चेहरा पांढरा पडला. दहाव्या मिनिटाला तो न्हाणीघरात होता. रात्री त्याने जेवण घेतले नाही.

असे का होते? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोळे सांगतात, मी पळतो आहे. कान सांगतो, छे, हा तर उभा आहे. मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते. बोटीत लागते ते याच्या उलट: कानाला हेलकावे कळतात, पण डोळ्यांसमोर केबिनची भिंत स्थिर असते. ठोकळ्यांच्या गेममध्ये त्रास झाला नाही, कारण तिथे शरीर जेवढे हलते तेवढेच दृश्य हलते. चांगले गेम बनवणाऱ्यांना हे माहीत असते. 2020 मध्ये आलेल्या 'हाफ-लाइफ : अॅलिक्स' या गाजलेल्या गेममध्ये चालण्याऐवजी पुढची जागा दाखवून तिथे एकदम पोहोचण्याची सोय ठेवली होती, ती याचसाठी. काहींना सरावाने त्रास कमी होतो. काहींना अजिबात होत नाही. मळमळ सुरू होताच डबा काढून ठेवायचा. "आणखी पाचच मिनिटं" करायचे नाही, एवढे पथ्य सगळ्यांनाच.

डोळ्यांचा प्रश्न वेगळा. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातील भिंगही त्या अंतराला जुळवून घेते. हेडसेटमध्ये वस्तू जवळ आली की डोळे वळतात, पण पडद्यावरचे चित्र भिंगाला नेहमी एकाच अंतरावर दिसते. दोन नेहमीच्या जोडीदारांना वेगवेगळे हुकूम मिळतात. म्हणून डोळे शिणतात, कपाळ दुखते. बनवणाऱ्या कंपन्या वयाची अट घालतात ती उगाच नव्हे. सोनीने बारा वर्षांखालील मुलांना आपला हेडसेट देऊ नये असे म्हटले आहे, अॅपलची अट तेरा वर्षांची आहे. मेटा कंपनीने 2023 मध्ये आपली अट तेरावरून दहावर आणली, पण पालकांच्या देखरेखीखालील खात्याची अट घालून. दुसरीकडे, अमेरिकेत 2021 मध्ये लहान मुलांच्या मंद पडलेल्या डोळ्यावर हेडसेटमधून करायच्या एका उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. तो मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने करायचा.

आठ वर्षांच्या मुलीला त्या रात्री हेडसेट मिळाला नाही. तिने रडून खोली डोक्यावर घेतली. आई ठाम राहिली.

आणि मग, कुणी सुचवले नसताना, आजीने तो मागितला.

मामाने तिला खुर्चीत बसवले, पट्टे सैल केले, चष्म्यासाठी जागा केली आणि सभोवार चित्रित केलेली हिमालयातील एका उंच देवळाची फिल्म लावली. ज्या ठिकाणी आजी आता या गुडघ्यांनी कधीच जाणार नव्हती, ते ठिकाण. आजी हळूहळू मान फिरवत राहिली. वर, मागे, खाली. एकदा तिने हात पुढे केला, बहुधा कठड्याला धरण्यासाठी, आणि हाताला काही लागले नाही. दहा मिनिटांनी तिने स्वतःच डबा काढला. "छान आहे. पण जड आहे रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि थंडी वाजली नाही."

आजीला जड वाटला ते खरेच होते. आजचे बरेच हेडसेट अर्धा किलोच्या आसपास भरतात आणि ते सारे वजन गालांवर आणि कपाळावर येते. पूर्वीची परिस्थिती पाहता ही प्रगतीच म्हणायची. 1968 मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा पहिला असा पडदा बनवला तेव्हा तो इतका अवजड होता की छताला टांगावा लागे. 1995 मध्ये निन्टेंडो कंपनीने घरगुती खेळासाठी 'व्हर्च्युअल बॉय' आणला. त्यात सगळे जग लाल आणि काळे. वर्षभरात त्यांनी तो गुंडाळला. 2012 मध्ये पामर लकी या तरुणाने लोकवर्गणीतून नवा प्रयत्न सुरू केला, 2014 मध्ये फेसबुकने त्याची कंपनी दोन अब्ज डॉलर्सना विकत घेतली आणि आजची लाट आली. त्याच वर्षी गुगलने पुठ्ठ्याचा डबा काढला. त्यात स्वतःचा मोबाइल बसवायचा की झाला हेडसेट! स्वस्तात कुतूहल भागवणारी ती चीज होती, पण 2021 मध्ये तिची विक्री थांबली. 2024 मध्ये अॅपलचा हेडसेट अमेरिकेत आला तो 3,499 डॉलर्सचा. मेटाचा 2023 चा क्वेस्ट 3 निघाला तेव्हा 499 डॉलर्सपासून मिळत होता. म्हणजे आजही हा सौदा एका चांगल्या मोबाइलच्या किमतीचा, त्यावर गेमचे पैसे वेगळे.

बाबांनी हे सारे हिशेब ऐकून घेतले. त्यांना खटकली ती वेगळीच गोष्ट. मुलगा खेळत असताना खोलीतील पाच माणसे त्याच्याकडे पाहत होती आणि त्याला त्यांपैकी एकही दिसत नव्हता. टीव्हीवर क्रिकेट पाहताना घर एकत्र ओरडते. पत्त्यांत भांडते. इथे मुलगा ओरडत होता आणि बाकीचे त्याचे टीपॉयला लागणारे पाय सांभाळत होते. मामाने चित्र टीव्हीवरही दाखवता येते असे सांगितले. ते खरे आहे, आणि घरात हेडसेट आणायचाच झाला तर ही सोय पहिल्या दिवसापासून वापरावी. मूल काय खेळते आणि परक्या कुणाशी बोलते, हे तरी कळते.

डोलणारी बाहुली

शेवटच्या सकाळी खरेदी. तंजावरची चित्रे सगळ्यांना परवडत नाहीत. लाकडी फळीवर लुकणाचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. उठावामुळे कृष्णाचे गाल आणि दागिने चित्रातून किंचित पुढे आलेले दिसतात. घेताना वर्ख खरा आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. खिशाला झेपणारी वस्तू म्हणजे डोलणारी बाहुली, तामिळमध्ये 'तलैयाट्टी बोम्मै'. तिचे दोन प्रकार असतात. एकात डोके, धड आणि घागरा वेगवेगळे असून तारेवर टेकवलेले असतात. वाऱ्याची झुळूक आली की नर्तकी मान आणि कंबर हलवते. दुसऱ्यात बूड गोल आणि जड असते. राजा किंवा राणी कितीही ढकला, आडवे पाडा, डोलत डोलत पुन्हा उभे राहतात, कारण सारे वजन तळाशी असते.

रात्रीच्या रडण्याची भरपाई म्हणून मुलीला राणी मिळाली.

"हिला नाही मळमळत," दादाकडे पाहत ती म्हणाली. मुलाने प्रथमच मोकळेपणाने हसून घेतले.

तंजावरला जायचे असल्यास डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस झोडपतो आणि एप्रिल-मेमध्ये देवळातील दगडावर पाय ठरत नाही. जायचेच तर पायमोजे जवळ ठेवावेत. महाराष्ट्रातून चेन्नईमार्गे रेल्वेने जाणे सोयीचे. चेन्नईपासून तंजावर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. विमानाने तिरुचिरापल्लीला उतरल्यास पुढे साधारण साठ किलोमीटरचा रस्ता. मोठे देऊळ पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी, असे दोनदा पाहावे. दुपारी गाभारा बंद असतो. मराठी शिलालेख आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर आहे. राजवाडा आणि सरस्वती महाल यांना अर्धा दिवस पुरत नाही, पूर्ण द्यावा. मोडी वाचता येणारे कुणी घरात असेल तर त्याला बरोबर न्यावे. रुमालांत बांधलेली दप्तरे पाहायला मिळाली नाहीत, तरी त्यांच्यावर बोलायला माणूस मिळतो. जुन्या तंजावरी मराठी घरांतील मराठी कानावर पडली तर चालीमुळे सुरुवातीला ती तामिळच वाटते. मग एखादा ओळखीचा शब्द येतो.

परतीच्या गाडीत मामा नव्हता आणि त्याचा हेडसेटही नव्हता. निर्णय झाला होता तो असा: दहावीची परीक्षा होईपर्यंत घरात हेडसेट येणार नाही. पण दर सुटीत मामाकडे गेल्यावर रोज अर्धा तास, उभ्याने खेळायचे गेम, टीव्हीवर सगळ्यांना दिसतील असे. मुलाने थोडी घासाघीस करून पाऊण तास पदरात पाडून घेतला. आजीनेही आपली दहा मिनिटे मागून घेतली आणि पुढच्या वेळी काशीचे घाट लावायला सांगितले.

खिडकीजवळच्या फळीवर राणी उभी होती. गाडीने वळण घेतले की ती झुकायची आणि सरळ रुळावर आली की उभी राहायची. मुलगी तिला प्रत्येक स्टेशनाचे नाव सांगत होती.